धोंड्याच्या दिवशीची शर्यत

मागच्या अधिक महिन्यात मी जावयाबरोबर टीव्हीवर मोटारींचा खेळ खेळलो. त्यात हरलो. हरल्याचे काही नाही. खेळता खेळता जे बोललो त्याची लाज वाटते. ती दिवसेंदिवस कमी होईल असे वाटले होते. तसे झाले नाही.

आमचे घर मांजरसुंब्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून आहे. मी मूळचा उमापूरकडचा. तालुक्याच्या न्यायालयात कारकून म्हणून लागलो, अधीक्षक होऊन निवृत्त झालो. नोकरीत एक पथ्य कसोशीने पाळले. शिपायालाही 'अहो' म्हटले. गावाकडची बोली न्यायालयाच्या पायरीपाशी सोडली आणि पुढे ती स्वतःच्या घरातही तोंडात येऊ दिली नाही. पत्नीने मात्र ती सोडली नाही. माझे बोलणे ऐकून ती म्हणे, "ह्यांचं बोलनं म्हंजी समन्स. सही करून घ्यावं लागतंय."

मुलगी एकुलती एक. पुण्यात दिली. जावई कडा गावाकडचे, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात होते. तो कारखाना बंद पडला. त्यानंतर त्यांनी दुसरी नोकरी धरली नाही. जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करण्याचे लहानसे दुकान टाकले. लहानपणी खेळलेली यंत्रे माणसे मोठेपणी हौसेने विकत घेतात आणि ती बिघडली की यांच्याकडे आणतात, असे मुलगी सांगे. मी चारचौघांत 'जावई इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहेत' असे सांगत असे. वाक्य खोटे नव्हते. खोटे न ठरणारे वाक्य कसे रचावे, एवढे नोकरीने मला शिकवले होते.

होळीला मुलगी माहेरी आली. चार दिवसांनी निघाली, तेव्हा मी म्हणालो, "थोडी थांब. त्यांचे बस्तान बसू दे." ती थांबली. नवराबायकोत भांडण नव्हते. जावयांनी तिला धाडले नव्हते, मी ठेवून घेतले होते. पाडवा गेला, अक्षय तृतीया गेली. शेजारी विचारू लागले. मुलगी नांदायला का जात नाही, या एका प्रश्नावरून उभे राहिलेले कितीतरी दावे माझ्या टेबलावरून गेले होते. त्यातल्या निम्म्या घरांत गाठ नवऱ्याने नव्हे, बापाने मारलेली असे. हे मला ठाऊक होते. आपल्या घरात ते ओळखू आले नाही.

मग ऐन उन्हाळ्यात अधिक महिना आला. पत्नी म्हणाली, "जावयाला धोंड्याला बोलवायचंय."

"सध्या नको," मी म्हणालो. "योग्य वेळ नाही."

"तीन वर्सांनी येतो ह्यो म्हैना. तुमच्या कोर्टाची तारीख हाय का पुढं ढकलायला?"

तिचा डाव मला समजला. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला पाटावर बसवून, पाय धुऊन, पुरणाचे धोंडे वाढायचे आणि त्याच्या बायकोला मात्र घरात ठेवून घ्यायचे, हे कोणत्याही घरात शोभले नसते. मी विरोध केला नाही. पण जेवणानंतर जावयांशी बोलायचे ठरवले आणि त्यासाठी एक वाक्य मनाशी तयार केले: 'आपल्या उत्पन्नास स्थैर्य येईपर्यंत मुलीने येथे राहणे उभयतांच्या हिताचे आहे, असे माझे मत आहे.' वाक्यात एकही कठोर शब्द नव्हता. मला त्याचे समाधान वाटले होते.

जावई सकाळीच आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, पाठीवर मोठी पिशवी. पाणी पिऊन होताच त्यांनी पिशवीतून राखाडी रंगाचे एक खोके काढले. त्याला वायरींनी जोडलेले दोन कंट्रोलर होते, वर कॅसेट बसवायची खाच होती.

"मामा, तुमच्यासाठी आणलंय," ते म्हणाले. "दुपारचा टाइम जात न्हाई तुमचा, ही सांगत हुती."

"माझा वेळ जातो," मी म्हणालो.

ते हसले आणि टीव्हीमागे वायरी लावू लागले. मुलीने कॅसेट उचलून तिच्या तोंडाशी फुंकर मारली.

"फुकू नको. थुकी जाती आत, गंजतंय ते."

"ल्हानपनापासून फुकायलाव आमी. एक तरी गंजली का?"

"माझ्या दुकानात ये, दाखवतो. समद्या फुकलेल्याच हायत."

मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून खुर्चीत बसलो. खेळ रिमोटवर चालणाऱ्या लहान मोटारींचा होता. पडद्यावर तिरका रस्ता दिसे, जणू छताच्या कोपऱ्यात बसून खाली पाहावे तसा. त्यावर चार गाड्या, प्रत्येकीच्या मागे उभी तार. त्यातल्या दोन आपण चालवायच्या, दोन यंत्र चालवते. रस्त्यात तेल सांडलेले, पाण्याची डबकी. काही ठिकाणी बाण काढलेले, त्यांवरून गेले की गाडी सुसाट सुटते. वाटेत बाँब उचलायचे आणि दुसऱ्याच्या गाडीवर सोडायचे. गाडी उडते, गडगडत बाजूला पडते आणि क्षणात पुन्हा रस्त्यावर उभी राहते. आत माणूस नसल्यामुळे कुणाला काही होत नाही.

दोघे जमिनीवर मांडी घालून खेळू लागले. मुलगी हसत होती. नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून त्याची गाडी रस्त्याबाहेर ढकलू पाहत होती, जणू अंगाने ढकलल्याने ती पडद्यावर सरकणार होती. होळीपासून तिचे हे हसणे घरात नव्हते, हे मला त्या वेळी जाणवले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग.

काही वेळाने मुलगी आईला हात द्यायला उठली आणि कंट्रोलर माझ्यापुढे धरला. "आप्पा, एक डाव खेळा."

"मला ते जमणार नाही."

स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला. ती पुरण वाटत होती. "न जमायला काय झालं? चार म्हैने झालं, लेकीचा संसार रिमोटवरच चालवायलाव की. ह्ये तर खेळन्यातलं हाय."

जावई खाली पाहत राहिले. मी कंट्रोलर घेतला. तो घेतला नसता तर तिच्या बोलण्याला उत्तर द्यावे लागले असते.

माझी गाडी लाल, त्यांची निळी. पहिल्या डावात माझी गाडी रस्त्यावर टिकेना. वर जाताना नीट जाई. वळून खाली, माझ्या दिशेने येऊ लागली की मी डावीकडे दाबावे आणि तिने उजवीकडे जाऊन कडेला धडकावे. मुलगी दारातून पाहत होती. हाताला पीठ होते.

"आप्पा, गाडी तुमच्याकडं तोंड करून आली की डावं-उजवं उलटं हुतंय. भाईरून बगू नका. गाडीत बसल्यावानी धरा."

तसे धरले. हळूहळू जमू लागले. तिसऱ्या-चौथ्या डावात मी पहिला आलो. पडद्यावर एक चषक दिसला, वाजंत्री वाजली. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "पुन्हा लावा."

पुन्हा जिंकलो. तेव्हा मी खुर्ची सोडून खाली बसलो होतो. गुडघे दुखत होते, ते कळत नव्हते. जावयांना मी दोन-चार सूचनाही केल्या: वळणावर वेग कमी करावा, बाण चुकवू नयेत. ते "व्हय, मामा" म्हणत राहिले. आठवले की कानशिले तापतात.

पुढच्या डावात माझ्या लक्षात आले. निळी गाडी माझ्या पुढे होती आणि वळणावर विनाकारण थांबली. मी जवळ येताच हळूच पुढे सरकली, पुन्हा रेंगाळली. साक्षीदार पढवून आणला असला की त्याच्या थांबण्यावरून कळते. तसे ते थांबणे होते. आधीचे दोन चषक कुणी मिळवून दिले तेही कळले. ज्या माणसावर जेवणानंतर मी मेहेरबानी करणार होतो, तो सकाळपासून माझ्यावर करत होता. रस्ता अरुंद होता आणि निळी गाडी मधोमध होती. मागून यंत्राची पिवळी गाडी येत होती.

माझ्या तोंडून निघाले, "सरक बे. कावून मधी मधी यायलास?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला यात विशेष काय, हे कळणार नाही. 'बे' हा शब्द आमच्याकडे बरोबरीचे पुरुष एकमेकांना लावतात. पारावर, शेताच्या बांधावर, पाठीत धपका मारता मारता तो बोलला जातो. तो परक्याला लावला तर मारामारी होते. जावयाला तर कुणीच लावत नाही. मग तो धोंड्याचा दिवस असो वा नसो. मी स्वतः गाव सोडल्यापासून तो उच्चारला नव्हता. माझ्या तोंडात तो अजून शिल्लक आहे, हेच मला माहीत नव्हते.

जावयांनी माझ्याकडे पाहिले. मग ते हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. लग्नाला सहा-सात वर्षे झाली, माझ्यापुढे ते तसे कधी हसले नव्हते.

"सरकतो की, मामा. पर आता सोडत नसतोय तुमाला. नंतर म्हनू नका."

"म्या नीट आयकलं का? काय म्हनले ते?" पत्नीने आतून विचारले.

"काय न्हाई, मामी. मामा आता खरं खेळायलेत."

त्यांनी तो शब्द अपमान म्हणून घेतला नाही. सासऱ्याने अखेर आपल्याला बरोबरीचा धरले, असा अर्थ घेतला. आणि ते खरे खेळू लागले. मी तिथेच थांबायला हवे होते. त्या हसण्यावर सारे सोडून द्यायला हवे होते. आतापर्यंत घडले होते ते चांगलेच घडले होते, आणि त्यात माझा काही वाटा नव्हता.

खरे खेळताना त्यांचा हात निराळा होता. निळी गाडी एकदाही कडेला लागली नाही. तेल सांडले होते तिथे ती नुसती झुकून निघून गेली. मी एका वळणावर पोहोचलो तेव्हा पाठीमागून बाँब आला आणि माझी गाडी उडाली.

"ह्यो घ्या, मामा. कड्याचा माल."

गाडी पुन्हा उभी राहिली. पुढच्या फेरीत पुन्हा उडाली.

"आजून एक हाय. घेता का ठिवू उद्याला?"

मुलगी दाराला टेकून हसत होती. "आप्पा, गेली बगा तुमची गाडी. गडगडत गेली." पत्नीही येऊन उभी राहिली होती. तिसऱ्यांदा गाडी उडाली तेव्हा तीही हसली. घर हसत होते. माझ्यावर हसत होते, पण त्यात विष नव्हते. सोयरे एकत्र बसले की असेच हसतात.

मी कंट्रोलर जमिनीवर आपटला आणि म्हणालो, "बायकू संबाळायची अक्कल न्हाई, अन् गाड्या उडवायलास बे. खेळन्यावर जगनारा मानूस तू."

तोच शब्द पुन्हा आला होता. या वेळी त्याचा अर्थ दोन प्रकारे घेता येण्याजोगा नव्हता.

टीव्हीतले संगीत चालूच होते. आम्हा दोघांच्या गाड्या रस्त्यात उभ्या होत्या आणि यंत्राच्या दोन गाड्या फेऱ्या मारत होत्या. जावयांनी आपला कंट्रोलर खाली ठेवला. त्याची वायर हातावर गुंडाळली, मग माझ्या कंट्रोलरची गुंडाळली. तो कुठे फुटला का, ते उलटून पाहिले.

"बरोबर हाय, मामा," ते म्हणाले.

मुलीने येऊन टीव्ही बंद केला.

मी सावरलो. निदान तसे मला वाटले. घसा साफ करून म्हणालो, "जावईबापू, खेळाच्या भरात एखादा शब्द..."

"आता बापू नका म्हनू," पत्नी म्हणाली. "त्ये लई वाईट लागतंय आयकाया."

ती आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. जेवणानंतरसाठी तयार केलेले वाक्य मला आठवले, आणि ध्यानात आले की ते मी बोलून चुकलो आहे. अर्थ एकच होता. एकात 'उत्पन्नास स्थैर्य' होते, दुसऱ्यात 'अक्कल न्हाई' होते. पहिले वाक्य बोललो असतो तर मला लाज वाटली नसती. उलट रात्री स्वस्थ झोप लागली असती. गावाकडच्या बोलीला मी इतकी वर्षे दूर ठेवले. त्या दिवशी तिने फक्त माझ्या मनातले होते तेवढे बाहेर काढले. 'बे' खोडून टाकला तरी वाक्य तेच राहते.

धोंड्याचा विधी ठरल्याप्रमाणे झाला. पत्नीने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन लावले. मला वाटले होते, जावई बसणार नाहीत. ते बसले. आमच्याकडे सासूने पाणी घालायचे आणि सासऱ्याने पाय धुवायचे, अशी रीत आहे. तीन वर्षांपूर्वी मी ते उरकले होते. बोटे भिजली न भिजली तोच टॉवेल पुढे केला होता. या वेळी मी समोर बसलो, परात ओढली आणि हात पुढे केले.

जावयांनी पाय मागे घेतले. "ऱ्हाऊ द्या, मामा."

आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. मी हात तसेच धरून बसलो. मागे घ्यावेत की नाही, ते समजेना.

मुलगी नवऱ्याच्या मागे उभी होती. ती म्हणाली, "पाय द्या पुढं. धुवू द्या त्यांना. तेवढं तरी करू द्या."

त्यांनी पाय परातीत ठेवले. पत्नीने तांब्यातले पाणी सोडले आणि मी धुतले. पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे फिके वळ होते, डाव्या अंगठ्याचे नख काळे पडलेले होते. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना, म्हणून मी पायांकडे पाहत राहिलो. धुऊन झाल्यावरही काही वेळ धुतच होतो. पत्नीने टॉवेल हातात दिला तेव्हा थांबलो.

जेवताना कुणी काही टाकले नाही, कुणी काही मागितले नाही. जावयांनी धोंडे खाल्ले, वर तूप घेतले, "मामी, लई झकास झालेत" असे म्हणाले. एरवी ते एवढेच म्हणून थांबत नसत; सासूची थट्टा करत. मी ताटाकडे पाहून जेवलो.

आचवून आलो तो मुलगी आतल्या खोलीतून बॅग घेऊन बाहेर येत होती. जावई दोन दिवस राहणार होते, असे आधी ठरले होते.

"इतक्या लगेच?" मी विचारले.

"व्हय."

"बॅग भरून झाली सुद्धा?"

"बॅग सकाळीच भरलती, आप्पा. ह्ये यायच्या आदी."

तिने बॅग खाली ठेवली आणि पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"मला विचारले नाहीस," मी म्हणालो.

"इचारनार हुते. जेवन झाल्यावर. तुमी न्हाई म्हनला असता, तरी गेलेच असते. पर वाटलं, आज तुमी हो म्हनताल. मगाशी खेळताना तर लईच वाटलं." तिने बॅग पुन्हा उचलली. "तुमाला खरं सांगू का? ह्यांनी मला एकदा बी 'ये' म्हनून फोन केला न्हाई. 'आप्पांचं मन मोडू नको, त्यांनी स्वतः धाडू दे' म्हनायचे."

जावई दारात चपला घालत होते. त्यांनी ऐकले असावे. वळले नाहीत.

'जा, सुखाने जा' एवढेच म्हणायचे होते. ते चार महिने म्हणता आले असते. त्या दिवशी सकाळीही म्हणता आले असते. आता म्हटले तर त्याला परवानगीचा वास आला असता, आणि परवानगी द्यायला माझ्याकडे काही उरले नव्हते. मी म्हणालो, "ऊन आहे. पाणी घ्या बरोबर."

"घेतलंय," मुलगी म्हणाली.

दोघे पाया पडले. आधी पत्नीच्या, मग माझ्या. जावई वाकले तेव्हा त्यांच्या पाठीवर हात ठेवायला मी हात उचलला. तोवर ते सरळ झाले होते. मी फाट्यापर्यंत येतो म्हणालो. "कशाला, मामा, ऊन लई हाय," असे ते म्हणाले आणि रिक्षात बॅग ठेवली. पत्नी त्यांच्याबरोबर बसून मांजरसुंब्यापर्यंत गेली. पुण्याची गाडी लगेच मिळाली, असे तिने परत आल्यावर सांगितले. आणखी काही सांगितले नाही. मीही विचारले नाही.

यंत्र ते ठेवून गेले. मला दिलेली वस्तू होती. कंट्रोलरला कोपऱ्यात एक बारीक चीर पडली आहे, ती माझी. दुपारी पत्नी कधी कधी एकटीच खेळते. तिची गाडी कडेला लागत नाही. एकदोनदा तिने दुसरा कंट्रोलर माझ्याकडे सरकवला. मी घेतला नाही. तिने पुन्हा सरकवला नाही.

मुलीचा फोन येतो. आईशी ती पुष्कळ बोलते. दुकानाचे बरे चालले आहे, असे पत्नीच्या हुंकारांवरून कळते. मग फोन माझ्याकडे येतो आणि ती औषधे घेतली का, ते विचारते. कधी जावईही बोलतात. पूर्वी ते 'मामा, कसं काय, बरं हाय का' म्हणून सुरुवात करत आणि मी मनात नाक मुरडत असे. आता ते म्हणतात, "नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे?"

शुद्ध बोलतात, एकही शब्द चुकत नाही. मी सांगतो, प्रकृती उत्तम आहे.